नालबंदाची कुत्री

परवा नात्यातल्या एका लग्नात बेंबळीकडचे एक म्हातारे गृहस्थ माझ्याशेजारी येऊन बसले. कुणाच्या कोण, हे विचारून झालं. मी वडलांचा धंदा सांगितला तसे ते खुलले. म्हणाले, "म्हणजे अमीनसाहेबानं ज्याला शिकारी कुत्री बक्षीस दिली होती, त्या नालबंदाच्या लेक तुम्ही." जेवणाचं ताट माझ्या पुढ्यात होतं. मी ते बाजूला सारलं आणि उठून दुसरीकडं जाऊन बसले. निजामाचं राज्य गेलं, अमीन गेला, माझे अब्बा गेले, ते खोटं मात्र अजून जिवंत आहे आणि लग्नाच्या पंगतीत येऊन बसतं. म्हणून खरं काय झालं ते लिहून ठेवते.

अब्बा बेंबळीत नालबंद होते. आठवडी बाजाराच्या दिवशी आमच्या दारात बैल पाडलेले असायचे. चारी पाय बांधून बैल आडवा केला की अब्बा त्याच्या खुरांना नाल ठोकायचे. घोडी कमी यायची. पाटलाची एक, व्यापाऱ्यांची दोन-तीन, आणि दौऱ्यावर आलेल्या अंमलदारांची. घर वेशीबाहेर, पुढं एक छपरी, छपरीतच अब्बांची भट्टी. घरात आम्ही दखनी बोलायचो, दाराबाहेर मराठी. माझ्या पाठीवर दोन भाऊ झाले आणि दोघंही वर्षाच्या आत गेले. मी एकटीच राहिले.

कर्नाटकाकडून एक घोडेवाला दरवर्षी जत्रांना जाताना आमच्याकडं थांबायचा. त्याच्याबरोबर कारवानी जातीची एक कुत्री असायची. लांब पायांची, बारीक कंबरेची, निमुळत्या तोंडाची. हल्ली शहरातले लोक व्हिपेट म्हणून जे विलायती कुत्रं पाळतात ना, तसल्याच घडणीची, फक्त उंचीला जास्त. दुसरी मोठी लढाई चालू होती त्या सालांतल्या एका हिवाळ्यात ती कुत्री आमच्या छपरीत व्याली. सहा पिल्लं झाली, त्यांतली एकच मादी. घोडेवाल्याच्या एका तट्टाचा खूर पिकला होता, म्हणून तो दहा-बारा दिवस मुक्कामाला राहिला. निघताना त्यानं पाच पिल्लं टोपलीत घातली आणि सहावं उचलून अब्बांच्या हातात दिलं. मादीला कुणी विचारत नाही, आईचं दूध उगाच वाटून जातं, ओढ्याकडं नेऊन टाका, असं तो म्हणाला. चांगला माणूस होता तो. माझ्यासाठी दर खेपेला रेवड्या आणायचा. पण मादी आहे, हे तो ज्या तऱ्हेनं म्हणाला त्याचा मला लई राग आला. मी त्या साली आठ-नऊ वर्षांची असेन. मी पिल्लू अब्बांच्या हातातून ओढून घेतलं आणि घोडेवाल्यानं दिलेल्या रेवड्या त्याच्यादेखत बैलापुढं टाकल्या. अब्बा मला रागावले, पण पिल्लू मात्र त्यांनी परत मागितलं नाही.

अम्माचा विरोध होता. ज्या घरात कुत्रं असतं तिथं फरिश्ते येत नाहीत, नमाजाची कापडं नापाक होतात, असं तिचं म्हणणं. मशिदीत आम्हा पोरींना कुराण शिकवणाऱ्या म्हाताऱ्या मौलवींना अब्बांनी विचारलं. शिकारीचं आणि राखणीचं कुत्रं ठेवायला मुभा आहे, उंबऱ्याच्या आत घेऊ नका आणि हात धुवा, असं ते म्हणाले. अम्मानं ते मानलं. पण पिल्लाचे डोळे नुकतेच उघडलेले, अंगावर केस असून नसल्यासारखे. थंडीनं ते असं काकडायचं की त्याची टोपली हलायची. चौथ्या दिवशी सकाळी मी उठले तर पिल्लाची टोपली चुलीच्या उबेला, आणि अम्मा शेळीच्या दुधात कापसाची वात भिजवून त्याच्या तोंडात धरतेय. मी बघतच राहिले. ती म्हणाली, "चूल पडवीत आहे. पडवी उंबऱ्याच्या बाहेर आहे. बघत काय उभी राहिलीस, वात दे दुसरी."

तिला आम्ही नाव ठेवलं नाही. अम्मा मला छोरी म्हणायची आणि तिलाही छोरी म्हणायची. हाक आली की आम्ही दोघी वळून बघायचो.

वाढवणं सोपं नव्हतं. अम्मानं जुन्या लुगड्याच्या घड्या घालून तिला एक झूल शिवली. पुढचे दोन पाय त्यात घालायचे आणि पोटाखाली बंद बांधायचा. ती झूल बघायला अर्धं गाव येऊन गेलं. भाकरी टोपलीत झाकून ठेवली तरी ती नाकानं झाकण सरकवून खायची. एकदा ईदसाठी जपून ठेवलेली अंडी तिनं एकही टरफल न सांडता संपवली. अम्मानं सांडशी उगारली की ती जमिनीला अशी चिकटायची की जणू कातडं वाळत घातलंय, आणि अम्माला हसू यायचं.

पण ती अंगानं भरेना. भरणारच नव्हती, जातच ती तशी. फासळ्या मोजून घ्याव्यात, कंबर मुठीत मावावी. गावाला ते कसं पटावं? शेजारच्या शेतकऱ्याची बायको, तिला मी काकी म्हणायची, एक दिवस अम्माला म्हणाली, "भाभी, मुक्या जनावराला उपाशी ठिऊ नगा. पाप लागतं." अम्मा त्या दिवशी रडली. तिच्या स्वतःच्या वाटणीतली अर्धी भाकरी रोज कुत्रीच्या पोटात जात होती. काकीनं मग दया म्हणून शिळंपाकं कुंपणावरून टाकायला सुरुवात केली, ते खाऊन कुत्रीला हगवण लागली, आणि ती आणखी वाळली तसं गाव आणखी बोलायला लागलं. ही भुंकत न्हाय, राखण करत न्हाय, दिवसभर निजते, मग हिला कुत्री कशाला म्हनायचं, असंही लोक विचारायचे. अब्बा काही बोलायचे नाहीत. माणसाला उत्तर देणं त्यांना कधी जमलं नाही. जनावराला मात्र ते तासन् तास समजावत बसायचे.

ती कशासाठी जन्मली आहे हे मला एका सकाळी कळलं. शेजारच्या काकांची ज्वारी काढून झाली होती. आम्ही दोघी बांधानं चाललो होतो, तेवढ्यात ताटांच्या पेंढीखालून ससा उठला. मी नुसतं 'अगं' म्हणाले असेन, तोवर ती वावराच्या पल्याड होती. पळताना ती धावतेय असं वाटतच नव्हतं. पाठ कमानीसारखी मिटायची आणि उलगडायची, आणि पाय जमिनीला लागले की नाही कळायचं नाही. ससा निसटला. ती परत आली ती जीभ लोंबवत, आणि मागं रक्ताचे ठिपके. कापलेल्या ज्वारीची धसकटं भाल्यासारखी असतात, त्यातलं एक तिच्या पंजात घुसलं होतं. अब्बांनी घोड्याचा खूर बघावा तसा तिचा पंजा मांडीवर घेऊन बोटं फाकवून बघितला, हळद-तेल लावलं, आणि मला सांगितलं, हिला माळावर पळव, पडीक रानात पळव, धसकटात कधीही सोडू नकोस. एवढी कडक ताकीद त्यांनी मला दुसऱ्या कशाचीच दिल्याचं आठवत नाही.

ती दोन वर्षांची झाली त्या हिवाळ्यात अमीन दौऱ्यावर आला. अमीन म्हणजे त्या वेळचा पोलीस फौजदार. तो हुरडा खायला आणि शिकारीला आला होता, बरोबर गावचे पोलीस पाटील. त्याच्या घोड्याचा नाल निखळला म्हणून मंडळी आमच्या दाराशी थांबली. अब्बांनी काम टाकून त्याचा घोडा हाती घेतला. सरकारी घोड्याच्या कामाचं काही मिळत नसतं, ते सगळ्यांना माहीत होतं. अमीन खाटेवर बसला आणि त्याला कुत्री दिसली. तिला पळवून दाखव म्हणाला. अब्बांनी तिला माळावर नेली. त्या दिवशी तिनं ससा धरला आणि धरून आणून अब्बांच्या पायाशी ठेवला. अमीन टाळ्या वाजवून हसला.

कुत्री कुणाची म्हणून त्यानं विचारलं. अब्बांनी तोंड उघडायच्या आत पाटील म्हणाले, "आपलीच समजा, सरकार."

हे एक वाक्य मी आयुष्यभर चघळत आले. ज्यानं तिला कधी भाकरीचा तुकडा टाकला नाही, तो माणूस आमची कुत्री देऊन मोकळा झाला, आणि देताना हसला.

संध्याकाळी अमीनचा एक जवान दोर घेऊन आला. मी तिच्या गळ्याला मिठी मारून बसले. अम्मानं माझे हात सोडवले. एकेक बोट उलगडून सोडवले तिनंच. अब्बांनी स्वतः तिच्या गळ्यात दोर बांधला. जवानाला ते सांगत राहिले, हिच्या मानेपेक्षा डोकं लहान असतं, पट्टा निसटतो. हिला थंडी सोसत नाही, ही झूल न्या. आणि हिला धसकटात पळवू नका. जवान म्हणाला, "लेक नांदायला धाडताय का, नालबंद?" झूल त्यानं घेतली नाही. कुत्री वळून वळून बघत गेली. मला वाटलं होतं ती तरी भुंकेल.

मी अब्बांशी बोलणं टाकलं. त्यांच्या ताटात भाकरी वाढायची आणि निघून जायची. माझा बाप घोड्याची लाथ छातीवर झेलणारा माणूस, उधळलेला बैल शिंगाला धरून थांबवणारा, आणि एका पोलिसाच्या दोरापुढं त्याला एक 'नाही' म्हणता आलं नाही, याची मला चीड होती. लहान होते. 'नाही' म्हणणाऱ्यांचं काय होतं ते अब्बांनी पाहिलं होतं, मी पाहिलं नव्हतं.

दीड-एक महिन्यानं सकाळी मी भट्टीतली राख काढायला गेले तर राखेत काहीतरी हललं. ती होती. गळ्याशी पट्ट्यानं सोललेलं, पट्टा नव्हता. अमीनचं ठाणं धाराशिवला, तिथून सहा कोस ती आली होती, आणि तीन पायांवर आली होती. पुढचा उजवा पाय खांद्यापर्यंत सुजलेला. ती शेपूट हलवायला लागली तर नुसतं टोकच हललं. मी ओरडले तसे अब्बा आणि अम्मा दोघंही धावत आले. अब्बांनी पाणी तापवलं, पंजा धुतला, आणि आतून बोटाच्या पेराएवढं ज्वारीचं धसकट ओढून काढलं. ते सडलं होतं. अब्बांनी ते माझ्या तळहातावर ठेवलं. मग म्हणाले, "सांगितलं होतं मी त्यांना." एवढंच. पण आवाज त्यांचा नव्हता. त्या दिवसापासून मी पुन्हा त्यांच्याशी बोलायला लागले.

तिसऱ्या दिवशी दोन जवान आले. अमीनसाहेबांची कुत्री चोरून आणली, असा आमच्यावर आळ होता. कुत्री सहा कोस आपल्या पायांनी आली हे त्यांना पटवायला गेलं कोण? पाटील तिथं हजर होते, ते जमिनीकडं बघत राहिले. जवानांनी अब्बांना कुत्रीसकट चला म्हणून सांगितलं. तिला चालता येत नव्हतं, म्हणून अब्बांनी तिला कोकरासारखी खांद्यावर घेतली आणि ते चालू लागले.

अम्मा कधी गावाच्या शिवेपलीकडं एकटी गेली नव्हती. तिनं बुरखा घेतला, माझा हात धरला आणि निघाली. अर्ध्या कोसावर मागून शेजारच्या काकांची बैलगाडी आली. ते काही विचारत बसले नाहीत. "बसा भाभी," म्हणाले, "मला बी धाराशिवला काम हाय." त्यांना काही काम नव्हतं.

ठाण्याच्या आवारात अब्बा उन्हात जमिनीवर बसले होते, कुत्री मांडीवर. आम्हाला फाटकाशी थांबवलं. दुपारपासून असरच्या नमाजापर्यंत, म्हणजे दिवस कलेपर्यंत, ते तसेच बसून होते. कुणी त्यांना पाणी विचारलं नाही. आतून हसण्याचे आवाज येत होते. शेवटी अमीन दात कोरत बाहेर आला आणि त्यानं कुत्री चालवून दाखवायला सांगितली. अब्बांनी तिला उभी केली. ती तीन पायांवर दोन-चार पावलं गेली आणि परत त्यांच्या गुडघ्याला टेकली.

"लंगडी हो गई," अमीन म्हणाला. "अब किस काम की? जा, तुझे बख़्श दी."

अब्बा कुत्रीला उचलायला वाकले. बाजूचा जवान म्हणाला, "शुक्रिया बोल."

अब्बांनी मान वर केली नाही. म्हणाले, "शुक्रिया, सरकार." अमीन वळून चालला होता, त्याला ऐकू गेलं नसावं. जवानानं अब्बांच्या पाठीत काठीचं टोक टेकवलं. अब्बांनी पुन्हा, मोठ्यानं म्हटलं.

आमची स्वतःची कुत्री. आमच्या छपरीत जन्मलेली, अम्माच्या हातच्या वातीवर जगलेली. ती नेली, तिचा पाय निकामी केला, आणि निकामी केल्यावर आमच्याच अंगावर फेकली, आणि वर दोनदा आभार मानून घेतले. ते 'बख़्श दी' गावात पोचेपर्यंत त्याचं बक्षीस झालं. मी फाटकाच्या गजांतून बघत होते. तेव्हा रडू आलं नाही. दात इतके आवळले होते की रात्री जबडा दुखत होता.

काकांच्याच गाडीतून आम्ही परत निघालो. गाव दिसायला लागलं तेव्हा अम्मा अब्बांना म्हणाली, "जीभ वाकली, मान शाबूत राहिली. घरी चला." मला तिचाही राग आला. आज तिचं बरोबर होतं असं वाटतं. तरी राग जात नाही.

पाय बरा झाला पण आखूड राहिला. पुढं दीड-दोन वर्षांत पोलीस ॲक्शन झाली, निजामाचा अंमल गेला. त्या दिवसांत आमच्यासारख्यांच्या घरांवर काय काय गुदरलं ते मी इथं सांगत नाही. आमचं घर वाचलं, एवढंच सांगते. नंतर नवे अधिकारी गावोगाव फिरून जुन्या अंमलदारांची माणसं कोण होती त्याची विचारपूस करू लागले. पाटलांनी तोवर टोपी बदलली होती. चावडीवर त्यांनी तीन-चार नावं सांगितली, त्यांत अब्बांचं होतं. पुरावा काय? तर अमीननं यांना शिकारी कुत्री बक्षीस दिली होती, सगळ्या गावाला माहीत आहे.

अब्बांना बोलावणं आलं. ते गेले आणि नेहमीसारखे गप्प उभे राहिले. बरंच गाव जमलं होतं. सगळ्यांना खरं माहीत होतं आणि सगळे आपापल्या पायांकडं बघत होते. अम्मा मला आणि कुत्रीला घेऊन गर्दीतून पुढं गेली. बुरख्यातूनच बोलली, मराठीत, थांबत थांबत.

"साहेब, ही कुत्री आमच्या घरात जलमली. ह्या पाटलांनी ती अमीनला दिली. आमची होती, ह्यांनी दिली. अमीननं तिचा पाय घालवला आन् मग आम्हाला परत फेकली. चालवून बघा तिला. ह्याला बक्षीस म्हणत असतील तर लिवून घ्या."

अधिकारी तरुण होता. त्यानं कुत्रीकडं बघितलं, पाटलांकडं बघितलं. तेव्हा मागून शेजारचे काका म्हणाले, "व्हय साहेब. खरं हाय. माझ्याच गाडीत घरी आणलं मी ह्यांना." त्यांच्यानंतर आणखी दोघं-तिघं व्हय म्हणाले. काकांच्या आधी त्यांतला एकही बोलला नव्हता.

कारकुनानं अब्बांच्या नावावर रेघ मारली आणि आम्हाला जायला सांगितलं. पाटलांना कुणी काही विचारलं नाही. खोटं का सांगितलं, एवढंही नाही. ते पाटील होते आणि पाटीलच राहिले.

कुत्री त्यानंतर पाच-सहा वर्षं जगली. माझं लग्न झालं त्याच्या आदल्या पावसाळ्यात गेली. अम्मानं तिला परड्यात पुरलं.

एक प्रसंग राहिला. चावडीतल्या त्या दिवसानंतर महिना झाला असेल. पाटलांचा गडी त्यांची घोडी घेऊन आमच्या दारात आला, मागून पाटील स्वतः. जणू काही झालंच नव्हतं अशा आवाजात त्यांनी अब्बांची खुशाली विचारली. मी भात्यावर होते, भट्टी फुलवत. मला वाटलं, आता तरी अब्बा नाही म्हणतील. आता राज्य बदललंय, आता कोण काय करणार? अब्बांनी घोडीचा पाय उचलला, खूर बघितला, आणि मला भाता चालव म्हणाले. मी हलले नाही. ते म्हणाले, "खूर फाटलाय, बेटा. तिला दुखतंय."

मी भाता सोडला आणि घरात गेले. आतून मला ऐकू येत होतं. अब्बा एका हातानं भाता ओढायचे, थांबायचे, लोखंड ठोकायचे, पुन्हा भाता ओढायचे. एकट्याला ते काम फार जड जातं. दुपार कलेपर्यंत ते चाललं होतं, आणि मी शेवटपर्यंत बाहेर गेले नाही.